पीसी रूटीन चालतंय, पण सुरक्षित आहे का? झेड/ओएसमध्ये दुसऱ्या अ‍ॅड्रेस स्पेसला कॉल करताना पाळायचा क्रम

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये बसून परदेशातल्या ग्राहकांचे झेड/ओएसवर चालणारे मेनफ्रेम सांभाळणारी बरीच मंडळी आहेत. त्यातली काही असेंब्लरमध्ये क्रॉस मेमरीचा, म्हणजे एका जॉबच्या मेमरीतून (स्पेसमधून) दुसऱ्याच्या मेमरीत जाणारा कोड लिहितात, आणि तो तपासायला माझ्याकडे येतो. चुका ठरलेल्या असतात. बहुतेक वेळा कोड पहिल्याच चाचणीत चालतो, उत्तर बरोबर येतं आणि काम झालं असं सगळ्यांना वाटतं. पण क्रॉस मेमरीत कॉल चालणं सोपं असतं. कॉल करणाऱ्याने वाकडा पत्ता दिला तर काय होईल, हे कुणीच पाहिलेलं नसतं.

पुढे सरावासाठी एक उदाहरण धरतो. 'दरसेवा' नावाचा एक स्टार्टेड टास्क (स्टार्ट कमांडने सुरू केलेला, मागे चालत राहणारा प्रोग्रॅम) आहे, हाच आपला सर्व्हर, आणि त्याच्या खाजगी मेमरीत कळमना बाजारातल्या संत्र्याच्या दरांचं टेबल आहे, आंबिया आणि मृग बहाराचं वेगवेगळं. बॅच जॉब आणि सिक्स (सीआयसीएस, म्हणजे ऑनलाइन व्यवहार चालवणारी सिस्टिम) रीजन त्याला दर विचारतात. मोजके लोक दर बदलतात. म्हणजे दोन सेवा झाल्या: 'दर विचारा' आणि 'दर बदला'.

## ० : आधी गैरसमज काढा

पीसी म्हणजे प्रोग्रॅम कॉल ही मशीनची सूचना आहे. ती दिली की 'सर्व्हर काम करून देतो' असं नवीन माणूस समजतो. तसं होत नाही. कॉल करणाऱ्याचाच टास्क, त्याचाच टीसीबी (टास्कचा कंट्रोल ब्लॉक), सर्व्हरच्या स्पेसमध्ये शिरतो आणि सर्व्हरचा कोड चालवतो. बँकेत गिऱ्हाइकाने खिडकीतून चिठ्ठी देण्याऐवजी स्वतःच काउंटरच्या आत यावं, तसं हे आहे. बहुतेक नियम इथूनच निघतात:

- रूटीनमध्ये थांबलात तर गिऱ्हाइकाचा टास्क थांबतो. सिक्सच्या क्यूआर टीसीबीवरून (रीजनच्या मुख्य टास्कवरून) कॉल आला असेल तर अख्खी रीजन थांबते.
- गिऱ्हाइकाचा जॉब ऑपरेटरने मध्येच कॅन्सल केला तर तुमचं रूटीन अर्ध्यात तुटतं आणि दरांचं टेबल अर्धवट बदललेलं राहू शकतं.
- होम स्पेस (टास्क मुळात जिथला आहे ती) गिऱ्हाइकाचीच राहते. स्पेस बदलणाऱ्या पीसीनंतर प्रायमरी (जिथला कोड चालतो ती) सर्व्हरची होते, आणि कॉलच्या वेळी जी प्रायमरी होती ती सेकंडरी होते.

होम, प्रायमरी, सेकंडरी हे तीन शब्द कागदावर लिहून समोर ठेवा. पुढे गोंधळ होतो तो इथेच.

तपासणी: खरंच पीसी लागतो का, हेही आत्ताच विचारून घ्या. फक्त मोठा डेटा सामायिक वाचायचा असेल तर ६४-बिट शेअर्ड मेमरी ऑब्जेक्ट पुरतो. दुसऱ्या सिस्टिमवरून बोलायचं असेल तर पीसीचा उपयोगच नाही. आणि 'कॉमन एरियात (सगळ्या स्पेसना दिसणाऱ्या मेमरीत) युजर कीचा बफर ठेवू, दोघं तिथे वाचू-लिहू' हा जुना जुगाड विसरा. (की म्हणजे मेमरीला आणि प्रोग्रॅमला दिलेला ० ते १५ मधला संरक्षणाचा क्रमांक.) झेड/ओएस २.४ पासून युजर कीचं कॉमन स्टोरेज सरसकट मिळत नाही, आणि मिळत होतं तेव्हाही कुठलाही जॉब त्यात खाडाखोड करू शकत होता.

## १ : कोडआधी एक तक्ता

एडिटर उघडण्याआधी प्रत्येक सेवेसाठी चार प्रश्नांची उत्तरं लिहा. हा तक्ता ज्याच्याकडे नसतो त्याचा कोड मी तपासायला घेत नाही.

कोण बोलावू शकतो? सेवेचं वर्णन करणाऱ्या ईटीडेफ मॅक्रोतल्या एकेएम या कीच्या मास्कने हे ठरतं. 'दर विचारा' सर्वांसाठी आहे, म्हणून ० ते १५ सगळ्या की. एखादी सेवा फक्त सिस्टिमच्या प्रोग्रॅमसाठी असेल तर ० ते ७. प्रॉब्लेम स्टेटमधल्या, म्हणजे साध्या अधिकाराने चालणाऱ्या, कॉलरची एकही की मास्कमध्ये बसली नाही तर हार्डवेअर कॉल आतच सोडत नाही आणि त्याला ०सी२ अबेंड मिळतो, म्हणजे सिस्टिम प्रोग्रॅम मध्येच तोडते. सुपरव्हायजर स्टेटमधल्या (सिस्टिमच्या अधिकाराने चालणाऱ्या) कॉलरला ही तपासणी लागू होत नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे. 'दर बदला' साठी एकेएम आवळला की काम झालं असं वाटतं. पण सिक्स की ८ किंवा ९ मध्ये चालतो आणि साधा बॅच जॉबही की ८ मध्येच. एकेएमला फक्त की दिसते, माणूस दिसत नाही. माणूस ओळखायचा तर रॅकएफ, म्हणजे परवानग्या सांभाळणारं सुरक्षेचं सॉफ्टवेअर, लागणार. त्याचा टप्पा पुढे आहे.

रूटीन कुठल्या अधिकाराने चालेल? स्टेट आणि ईके (रूटीन ज्या कीमध्ये चालतं ती) इथे ठरतात. नमुन्यातून उचललेल्या कोडमध्ये हमखास सुपरव्हायजर स्टेट आणि की ० असते. 'दर विचारा' ला टेबल वाचण्यापलीकडे काही करायचं नाही. सर्व्हरचं टेबल ज्या कीमध्ये आहे तीच की द्या. की ० कशासाठी हवी याचं कारण एका ओळीत लिहिता येत नसेल तर ती नको.

गिऱ्हाइकाच्या मेमरीला हात लावायचा आहे का? नसेल, म्हणजे सगळं रजिस्टरमधून येत-जात असेल, तर ईटीडेफमध्ये एसएएसएन=न्यू (सेकंडरी कुणाची ते ठरवणारा पर्याय) द्या. मग सेकंडरीसुद्धा सर्व्हरचीच होते आणि गिऱ्हाइकाची मेमरी चुकूनही हाताशी येत नाही. लागत असेल तर ओल्ड.

तिसऱ्या स्पेसमध्ये जायचं आहे का? एएक्ससेट मॅक्रोने एएक्स (दुसऱ्या स्पेसवरचा अधिकार ठरवणारा क्रमांक) १ घेण्याची सवय पसरलेली आहे, कारण ती ओळ जुन्या नमुन्यांत असते. एएक्स १ म्हणजे सगळ्या स्पेसवर अधिकार. कॉल करणाऱ्याची स्पेस सेकंडरी म्हणून लावायचं काम पीसी स्वतः करतो. सेकंडरी बदलणाऱ्या एसएसएआर सूचनेने आणखी कुठे जायचं असेल तरच एएक्सचा विचार करा, आणि घेतलात तर का घेतला ते कोडच्या कमेंटमध्ये लिहा.

सावधान: नवीन कोड स्टॅकिंग पीसीनेच लिहा. बेसिक पीसीत कॉलरची स्थिती तुम्हाला जपावी लागते आणि पीटी या सूचनेने परत जावं लागतं. स्टॅकिंगमध्ये लिंकेज स्टॅक (कॉलरची स्थिती जपणारी सिस्टिमची थप्पी) ते काम करतो, आणि कॉलरची खरी की त्यातूनच मिळते.

## २ : सर्व्हरची तयारी

हा टप्पा रुक्ष आहे, पण क्रम चुकला तर पुढचं काहीच उभं राहत नाही.

१. लोड मॉड्यूल अधिकृत करून लिंक करा आणि लायब्ररी एपीएफ यादीत (अधिकृत लायब्ररींच्या यादीत) आणा. सेटप्रोग कमांडने घातलेली नोंद आयपीएलनंतर (सिस्टिम नव्याने सुरू केल्यावर) जाते, म्हणून प्रोगएक्सएक्स मेंबरमध्येही लिहा. लायब्ररीत लिहिण्याचा अधिकार कुणाला आहे तेही त्याच वेळी पाहा. एपीएफ लायब्ररीवर प्रोग्रॅमरच्या अख्ख्या ग्रुपला अपडेट असेल तर पुढची सगळी काळजी फुकट आहे.

२. सर्व्हर स्वॅप होणार नाही (मेमरीतून बाहेर काढला जाणार नाही) अशी सोय करा. शेडएक्सएक्स मेंबरमधल्या पीपीटी (प्रोग्रॅमचे गुणधर्म सांगणाऱ्या) नोंदीत नोस्वॅप द्या, किंवा सिसइव्हेंट ट्रान्सस्वॅप वापरा.

३. पीसी रूटीन मेमरीत आणा आणि सर्व्हर जिवंत असेपर्यंत हलवू नका. ही सगळी मांडणी जॉब स्टेपच्या मुख्य टास्कमधून करा, मध्येच संपणाऱ्या उपटास्कमधून नको.

तपासणी: सर्व्हर चालू करून एपीएफ यादी डिस्प्ले कमांडने पाहा. लायब्ररीचं नाव बरोबर पण व्हॉल्यूम चुकीचा, हा प्रकार वारंवार दिसतो. मग स्टेट आणि की बदलणाऱ्या मोडसेट मॅक्रोलाच अबेंड येतो आणि लोक पीसीच्या कोडमध्ये चूक शोधत बसतात.

## ३ : टेबल उभं करणं आणि पत्ता जाहीर करणं

क्रम हाच:

१. एलएक्सरेस ने लिंकेज इंडेक्स, म्हणजे एलएक्स, घ्या. सर्व स्पेसना सेवा द्यायची तर सिस्टिम एलएक्स, आणि शक्यतो रियुजेबल प्रकारचा.

२. ईटीडेफ ने एंट्री टेबलचं वर्णन करा. तक्त्यातली उत्तरं इथे जशीच्या तशी उतरतात. एआरआर म्हणजे रिकव्हरी रूटीनचं नाव इथेच द्या, ते 'नंतर घालू' वर सोडू नका.

३. ईटीक्री ने टेबल तयार करा.

४. ईटीकॉन ने ते एलएक्सला जोडा.

५. पीसी क्रमांक बनवा. एलएक्सची किंमत आणि टेबलातल्या नोंदीचा इंडेक्स यांचा ऑर केला की क्रमांक तयार होतो.

६. सगळ्यात शेवटी तो क्रमांक नेम/टोकन सेवेने सिस्टिम पातळीवर जाहीर करा.

क्रमांक आधी जाहीर करून टेबल मागून जोडणारा कोड येतोच. मधल्या क्षणात एखादा बॅच जॉब क्रमांक घेऊन कॉल करतो आणि त्याला ०डी६ मिळतो. कारण २२ असेल तर एलएक्स सापडला नाही, २३ असेल तर टेबलातली नोंद सापडली नाही. मॅक्रोलाच चुकीची माहिती दिली असेल तर सर्व्हरला ०५२ येतो. हे दोन अबेंड वेगळे ओळखा, कारण पहिला गिऱ्हाइकाच्या जॉबमध्ये दिसतो आणि दुसरा सर्व्हरच्या.

सिस्टिम पातळीवरचं नाव फक्त अधिकृत प्रोग्रॅमला तयार करता येतं. म्हणून क्लायंटने शोधताना पातळी नेमकी तीच सांगावी. त्याऐवजी क्रमांक एखाद्या डेटासेटमध्ये किंवा साध्या पॅरामीटरमध्ये ठेवला तर कुणीही तो बदलून क्लायंटला भलत्याच सेवेकडे पाठवू शकतो.

सावधान, रियुजेबल नसलेला सिस्टिम एलएक्स परत करता येत नाही. आयपीएल होईपर्यंत तो खर्चीच पडतो, आणि असे एकूण किती उपलब्ध आहेत ते एनसिसएलएक्स पॅरामीटर ठरवतो. म्हणून सर्व्हर सुरू होताच आधी टोकन शोधायचं. जुना एलएक्स मिळाला तर तोच वापरायचा, नाही मिळाला तरच एलएक्सरेस. टेस्ट सिस्टिमवर दिवसभर सर्व्हर चालू-बंद करणाऱ्या टीमने ही एक अट गाळली की संध्याकाळपर्यंत दुसऱ्याच कुणाचा सर्व्हर उठायचं नाकारतो, आणि दोष त्याच्या माथी जातो.

एलएक्स रियुजेबल असेल तर त्याला सीक्वेन्स क्रमांकही असतो. कॉल करण्यापूर्वी क्लायंटने तो रजिस्टर १५ च्या वरच्या अर्ध्यात ठेवायचा असतो. टोकन सोळा बाइटचं असतं, त्यात पीसी क्रमांक आणि सीक्वेन्स क्रमांक दोन्ही आरामात मावतात. खालच्या अर्ध्यात लोड करून 'कॉल जात नाही' म्हणणारे बरेच भेटतात.

## ४ : आत आल्यावर, म्हणजे मुख्य काम

बाकी कुठे हात आखडता घेतला तरी चालेल, पण हा टप्पा नीट वाचा.

गिऱ्हाइकाने एका पॅरामीटर लिस्टचा पत्ता पाठवला आहे. त्यात बाजाराचा कोड आहे, बहार आहे आणि उत्तर कुठे लिहायचं तो पत्ता आहे. तुमचं रूटीन मोठ्या अधिकाराने चालतंय. समजा गिऱ्हाइकाने उत्तराचा पत्ता म्हणून कॉमन एरियातला एखादा सिस्टिम कंट्रोल ब्लॉक दिला. कॉमन एरिया प्रत्येक स्पेसमध्ये त्याच पत्त्यावर दिसते. तुम्ही की ० मध्ये तिथे संत्र्याचा दर लिहून मोकळे झालात. म्हणजे की ८ मधल्या एका साध्या जॉबने तुमच्या हातून सिस्टिमची मेमरी बदलून घेतली. सुरक्षेचं भोक म्हणतात ते हेच. त्याला कुठलाही अबेंड येत नाही, म्हणून ते चाचणीत दिसत नाही.

उपाय एकच: गिऱ्हाइकाकडून आलेल्या प्रत्येक पत्त्याला गिऱ्हाइकाच्याच कीने हात लावायचा.

४.१ की काढा. ईस्टा सूचनेला कोड १ दिला की लिंकेज स्टॅकमध्ये जपलेला पीएसडब्ल्यू (कॉलरची की, मोड वगैरे स्थिती सांगणारी नोंद) मिळतो. की त्याच्या ८ ते ११ या बिटांत असते. पहिला शब्द उजवीकडे १६ बिट सरकवा, की नेमकी तिथे येते जिथे पुढच्या सूचनांना ती हवी असते. पॅरामीटर लिस्टमध्ये 'माझी की' असं फील्ड ठेवून ती गिऱ्हाइकालाच विचारणारा कोडही मी पाहिला आहे. असं करू नका.

४.२ पत्ता साफ करा. कॉलर ३१-बिट मोडमध्ये असेल तर त्याच्या रजिस्टरच्या वरच्या अर्ध्यात कचरा असू शकतो. तुमचं रूटीन ६४-बिट मोडमध्ये असेल तर तो कचरा पत्त्याचा भाग होतो. कॉलरचा मोड जपलेल्या पीएसडब्ल्यूवरूनच कळतो. त्यानुसार वरचे बिट पुसा आणि मगच पत्ता वापरा.

४.३ लिस्ट आपल्याकडे उतरवून घ्या. प्रायमरी मोडमध्ये असाल तर एमव्हीसीपी: सेकंडरीतून प्रायमरीत, दिलेल्या कीने. एआर मोडमध्ये (अ‍ॅक्सेस रजिस्टरने स्पेस निवडायच्या मोडमध्ये) असाल तर एमव्हीसीएसके. दोन्हींच्या लांबीचा हिशेब वेगळा आहे. एमव्हीसीपीला खरी लांबी लागते. ती २५६ पेक्षा जास्त असेल तर २५६ बाइट हलतात आणि कंडिशन कोड ३ येतो, म्हणून लूप लावा. एमव्हीसीएसकेला रजिस्टर ० मध्ये लांबी वजा एक लागते. एकाची सवय दुसऱ्याला लावली की एक बाइट कमी किंवा जास्त जातो, आणि तो एक बाइट महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

४.४ तपासणी आपल्या प्रतीवर करा. आधी गिऱ्हाइकाच्या मेमरीत लांबी तपासायची आणि मग तिथूनच पुन्हा वाचून वापरायची, ही दुसऱ्या नंबरची चूक. गिऱ्हाइकाच्या स्पेसमध्ये दुसरा टास्क चालू असतो. तपासणी आणि वापर यांच्या मधल्या क्षणात तो लांबी ८० ची ८००० करू शकतो. एकदा प्रत घेतली की मूळ लिस्टकडे पुन्हा वळून पाहायचं नाही. 'आधी टीप्रॉट सूचनेने कीची परवानगी तपासतो आणि मग की ० ने वाचतो' हीसुद्धा याच चुकीची सुधारलेली आवृत्ती आहे.

४.५ आतले पत्ते. लिस्टमध्ये आणखी पत्ते असतील तर त्या प्रत्येकाला ४.२ ते ४.४ पुन्हा लागू. पहिली पातळी काळजीने आणि दुसरी भाबडेपणाने, असा कोड सर्रास दिसतो.

४.६ एएलईटी (कुठली स्पेस ते सांगणारी खूण) आला असेल तर. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने एएलईटी ० म्हणजे त्याची प्रायमरी. स्पेस बदलल्यावर तुमच्या दृष्टीने ० म्हणजे सर्व्हर. त्याने पाठवलेला ० जसाच्या तसा अ‍ॅक्सेस रजिस्टरमध्ये घातलात तर तुम्ही त्याच्या नावावर आपलंच टेबल वाचाल किंवा खोडाल. त्याची प्रायमरी आता १ आहे. इतर एएलईटी टेस्टआर्ट मॅक्रोने तपासल्याशिवाय वापरू नका. सेवेला गरज नसेल तर एएलईटी स्वीकारूच नका, हे सगळ्यात स्वस्त.

४.७ उत्तर लिहिणं. एमव्हीसीएस किंवा एमव्हीसीडीके, पुन्हा कॉलरच्या कीने. त्याला स्वतःला जिथे लिहिता येत नाही तिथे तुम्हालाही येणार नाही. प्रोटेक्शनचा अपवाद येईल आणि तो एआरआर सांभाळेल.

तपासणी: लिस्टिंग छापा आणि गिऱ्हाइकाच्या मेमरीला हात लावणाऱ्या प्रत्येक सूचनेभोवती लाल पेनने गोल करा. गोलात साधी एमव्हीसी, लोड किंवा स्टोअर दिसली तर कोड परत लेखकाकडे. स्क्रीनवर हे नीट होत नाही, कागदावरच करा.

सावधान: तुमचं रूटीन पुढे दुसऱ्या पीसी सेवेला कॉल करत असेल तर गिऱ्हाइकाचा मूळ पत्ता तिच्याकडे ढकलू नका. तिला कॉलर म्हणून तुम्ही दिसता, तुमची की दिसते. आपली प्रत द्या. आणि 'काम झालं की या पत्त्यावर उडी मार' असा पत्ता गिऱ्हाइकाकडून कधीच घेऊ नका.

## ५ : माणूस कोण आहे?

'दर बदला' साठी रॅकएफची तपासणी लागते. नेहमीचा रॅकराउट रिक्वेस्ट=ऑथ इथे चालत नाही, कारण तो एसव्हीसीतून (सिस्टिमची सेवा मागणाऱ्या सूचनेतून) जातो आणि क्रॉस मेमरी मोडमध्ये एसव्हीसी दिली की ०एफ८ अबेंड. फास्टऑथ वापरा. त्यासाठी क्लासचे प्रोफाइल मेमरीत आणलेले हवेत, ते काम सर्व्हर सुरू होतानाच उरकून घ्या.

फास्टऑथचा रिटर्न कोड ० म्हणजे परवानगी, ८ म्हणजे नकार. ४ म्हणजे रॅकएफला निर्णय देता आला नाही, उदाहरणार्थ प्रोफाइलच नाही. 'आठ नसेल तर जाऊ द्या' असं लिहिलं की ज्या दिवशी कुणी प्रोफाइल उडवेल त्या दिवसापासून दर कुणीही बदलू शकेल. फक्त ० ला होकार, बाकी सगळ्याला नकार.

ओळख कुणाची तपासायची, हेही ठरवा. टास्कला स्वतःचा एसीईई (युजरची ओळख ठेवणारा कंट्रोल ब्लॉक) असेल तर तो, नाहीतर होम स्पेसचा. सर्व्हरचा एसीईई तपासला तर उत्तर कायम 'हो' येईल. सिक्सच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे: क्यूआर टीसीबीवर तुम्हाला रीजनची ओळख दिसते, टर्मिनलवर बसलेल्या माणसाची नाही. माणसापर्यंतची तपासणी सिक्सलाच करायला लावा, आणि तसं ठरलंय हे कागदावर आणा.

## ६ : बंदी असलेल्या सेवा आणि मेमरीची गळती

एसव्हीसी चालत नाही म्हटल्यावर यादी बदलते. गेटमेनऐवजी स्टोरेज ऑब्टेन, ईस्टेऐवजी एआरआर किंवा ईस्टेएक्स, वेट-पोस्ट-एन्क्यू यांचे लिंकेज=सिस्टिम प्रकार. फाइल वाचणं-लिहिणं आत करूच नका. ते सर्व्हरच्या स्वतःच्या टास्ककडे रांगेत टाका.

स्टोरेज ऑब्टेनमध्ये एक गोम आहे. रूटीनमध्ये घेतलेली मेमरी प्रायमरीतून, म्हणजे सर्व्हरमधून येते आणि तिची मालकी सर्व्हरच्या क्रॉस मेमरी सांभाळणाऱ्या टास्ककडे जाते. गिऱ्हाइकाचा जॉब मेला तरी ती सुटत नाही. रोज थोडीथोडी गळती होते आणि काही आठवड्यांनी सर्व्हर मेमरीअभावी पडतो. म्हणून एआरआरमध्ये ती सोडायची सोय हवीच, आणि ज्या सेवेत कॉल संपल्यावरही गिऱ्हाइकासाठी काही राखून ठेवलेलं असतं तिच्यासाठी रेसमॅनेजर (टास्क किंवा स्पेस संपताना चालणारं सफाईचं रूटीन) लावा.

राखलेल्या नोंदीवर गिऱ्हाइकाची खूण म्हणून एएसआयडी (स्पेसचा क्रमांक) लिहू नका. जॉब संपल्यावर तोच एएसआयडी दुसऱ्या जॉबला मिळतो, आणि पहिल्याचा माल दुसऱ्याच्या हाती जातो. एसटोकन (स्पेसची वेगळी ओळखखूण) लिहा, तो आयपीएलभर पुन्हा वापरला जात नाही.

एआरआर छोटं ठेवा: टेबल अर्धवट असेल तर पूर्ववत करा, लॅच (घेतलेलं कुलूप) सोडा, मेमरी सोडा. गिऱ्हाइकाच्या वाईट पत्त्यामुळे आलेल्या ०सी४ ला सर्व्हरचा डंप घेऊ नका. नाहीतर कुणीही मुद्दाम वाईट पत्ते पाठवून डंप डेटासेट भरून टाकेल.

## ७ : परत जाताना

पीआर सूचना रजिस्टर २ ते १४ परत आणते. ०, १ आणि १५ तशीच राहतात. त्यांत सर्व्हरच्या आतला एखादा पत्ता किंवा डेटाचा तुकडा उरला असेल तर तो गिऱ्हाइकाच्या हाती जातो. १५ मध्ये रिटर्न कोड ठेवा, बाकी दोन्ही शून्य करा. वरचे अर्धे आणि त्याच क्रमांकाचे अ‍ॅक्सेस रजिस्टरही विसरू नका. उत्तराच्या बफरमधल्या रिकाम्या जागाही आधी पुसलेल्या हव्यात.

## ८ : उलट्या चाचण्या

बरोबर इनपुट देऊन बरोबर उत्तर येतं हे एव्हाना दिसलेलं असतं. आता की ८ मधला एक साधा, अनधिकृत प्रोग्रॅम लिहा आणि वेगळ्या सरावाच्या एलपारवर (मशीनच्या स्वतंत्र भागावर) हे करून पाहा:

- लिस्टचा पत्ता म्हणून फेच-प्रोटेक्टेड सिस्टिम मेमरी द्या. रिटर्न कोडने नकार यायला हवा.
- उत्तराचा पत्ता म्हणून कॉमन एरियातली की ० ची जागा द्या, आणि आधी-नंतर तिथले बाइट ताडून पाहा. 'अबेंड आला नाही' एवढ्यावर समाधान मानू नका.
- लांबी शून्य, ऋण, अफाट. लिस्ट अशी ठेवा की ती पानाच्या सीमेवर अर्धी पडेल आणि पुढचं पान मिळवलेलंच नसेल.
- दुसरा टास्क लावून लांबीचं फील्ड सतत खालीवर करत राहा आणि पहिल्याने कॉल करत राहा. हा प्रयोग थोडा वेळ चालवून उपयोग नाही, रात्रभर सोडा.
- कॉल चालू असताना जॉब कॅन्सल करा आणि सर्व्हरची मेमरी आधीइतकी झाली का पाहा.
- प्रोफाइल काढून 'दर बदला' चालवा.

कॉल नेमका कुठून कुठे गेला ते सिस्टिम ट्रेसमध्ये पीसी आणि पीआरच्या नोंदींवरून कळतं, ते आयपीसीएसमध्ये (डंप आणि ट्रेस पाहायच्या साधनात) वाचायला शिका. आयबीएमचा झेड/ओएस ऑथराइज्ड कोड स्कॅनर तुमच्या ग्राहकाकडे असेल तर तोही लावा. पीसी आणि एसव्हीसींना वाकडे पॅरामीटर देऊन तपासणं हेच त्याचं काम आहे. त्याला टेबलातला तर्क कळत नाही, त्यामुळे तो लावला तरी वरची यादी करावीच लागते.

## ९ : बंद करणं आणि पुन्हा चालू करणं

बंद करताना क्रम उलटा: आधी 'नवीन कॉल नको' चा झेंडा, मग आत असलेले कॉल संपेपर्यंत वाट, मग नाव काढणं किंवा टोकनमध्ये तशी खूण, आणि शेवटी एंट्री टेबल मोडणं. वाट न पाहता टेबल मोडलं तर आत अडकलेला गिऱ्हाइकाचा टास्क अबेंड होतो.

सिस्टिम एलएक्स जोडलेल्या सर्व्हरचा एएसआयडी तो बंद झाल्यावर पुन्हा वापरता न येणारा होऊन बसतो. तो वाचवायचा तर तीन गोष्टी एकत्र लागतात: रियुजेबल एलएक्स, डायगएक्सएक्स मेंबरमध्ये रियुसएएसआयडी चालू, आणि स्टार्ट कमांडवर रियुसएएसआयडी=यस. तिसरी गोष्ट ऑपरेटरच्या हातात असते आणि तीच राहून जाते. न्यूयॉर्कच्या ग्राहकाची शनिवार मध्यरात्रीची चेंज विंडो म्हणजे आपली रविवारची साडेनऊ-साडेदहाची वेळ. अर्धी टीम तर्री पोह्याच्या ठेल्यावर असते आणि तिकडचा ऑपरेटर आठवणीतली जुनी कमांड टाइप करतो. म्हणून पूर्ण स्टार्ट कमांड रनबुकमध्ये अक्षरशः लिहा, किंवा ऑटोमेशनमध्ये बसवून टाका.

तपासणी: बॅच जॉबचे कॉल चालू ठेवून सर्व्हर पाच-सहा वेळा बंद-चालू करा. दर वेळी पाहा की टोकनमधला एलएक्स तोच आहे, जुना सीक्वेन्स क्रमांक धरून बसलेल्या क्लायंटला स्वच्छ नकार मिळतो, आणि तो टोकन पुन्हा वाचून नव्याने कॉल करतो. डिस्प्ले कमांडने एएसआयडीही नोंदवत जा. क्रमांक दर वेळी पुढेच सरकत असेल आणि मागचे कुणालाच परत मिळत नसतील, तर वरच्या तीनपैकी एखादी गोष्ट सुटली आहे. ती प्रॉडक्शनला जाण्याआधी शोधा. एरवी वापरता येणारे एएसआयडी संपतात आणि तिथे आयपीएलची तारीख मागायची वेळ येते.